रोशनबीची चंची

आमच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली चाळीस होत्या, शिकवणाऱ्या बाई पाच, आणि या सगळ्यांचं पाणी भरायला, कपडे धुवायला, दुखलंखुपलं बघायला एकटी रोशनबी. कॉलेज म्हणजे स्त्रियांचं ट्रेनिंग कॉलेज. दोन वर्षं शिकून मुली प्राथमिक शाळेत मास्तरीण व्हायच्या. नगर शहराच्या कडेला, केडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते होतं. इमारत अजून उभी आहे, कॉलेज नाही. मी तिथे पंचेचाळीस ते सत्तेचाळीस शिकले आणि पुढे काही वर्षं तिथेच शिकवलं.

रोशनबी तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. उंच, हाडापेराने रुंद, चालताना उजवीकडे जराशी कललेली. तिचा नवरा महमूद भिस्ती होता. तो आजारी पडला की पाण्याने भरलेली कातडी मशक हीच खांद्यावर घ्यायची आणि घरोघर पाणी घालायची. त्या ओझ्याने खांदा उतरला तो कायमचा. महमूद गेला, पाठोपाठ गल्लीत नळ आले, आणि रोशनबी आमच्या वसतिगृहात कामाला लागली.

तिला एकच मुलगी होती, शरिफा. चौदाव्या वर्षी तिला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. शेजारपाजारच्यांनी ओरड केली. दिरांनी मुलीला उचलून गावाबाहेर एका पत्र्याच्या खोलीत ठेवलं. आईने दारापर्यंत जायचं, भाकरी उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे फिरायचं, असं ठरलं. सतराव्या दिवशी भाकरी तशीच राहिली. "खोकल्यानं न्हाई मेली ती," रोशनबी मला पुढे एकदा म्हणाली, "एकटी पडून मेली." हे तिने मला फार उशिरा सांगितलं. पण सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ होता. मुलींच्या खेळात तेव्हा एका बाजूला सहा जणी असत आणि मैदानाच्या मधोमध रेघ असे. तिघींनी रेघेच्या अलीकडे राहून बास्केट राखायची, तिघींनी पलीकडे राहून चेंडू टाकायचा. रेघ कुणी ओलांडायची नाही. आम्ही पांढऱ्या सुती पातळाचा कासोटा घालून, कमरेला निळी पट्टी बांधून खेळत असू. चाळीस मुलींतून सहा खेळाडू आणि एक राखीव, एवढाच संघ. राखीव मी होते.

संघ परगावी जायचा तर बरोबर एक वयस्क बाई हवी असा नियम होता, आणि ती रोशनबीच असे, कारण आमचा चेंडू तिच्याशिवाय चालत नसे. नुकतीच लढाई संपली होती. नवा चेंडू कुठे मिळत नव्हता. आमच्याकडे होता तो कातडी चेंडू, आत रबरी फुगा आणि वर वादी ओवलेली. दर चार दिवसांनी त्याची शिवण उसवायची. रोशनबी मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने तो मशकीसारखा शिवून काढायची. सामना चालू नसला की चेंडू तिच्या मांडीवर असायचा. खेळ मात्र तिला कधी पटला नाही.

"बूड नसलेलं टोपलं टांगायचं," ती म्हणायची, "त्यात चेंडू टाकायचा, त्यो खाली पडला की टाळ्या. बूड लावा की त्याला, एकदाच काय त्ये टाकून घरी जाऊ."

आमच्यात चेंडू टाकण्यात सगळ्यांत तरबेज होती पुष्पावती. घोडेगावची. तिचे वडील रंगनाथ तिथल्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. आई लहानपणीच गेलेली, घर आक्काबाई नावाच्या विधवा आत्याच्या हातात. पुष्पावती बोलायला कमी. पण हाताची बोटं लांब आणि अंदाज पक्का. बास्केटच्या खाली उभी राहायची, चेंडू हातात आला की वर न बघितल्यासारखं करून टाकायची, आणि तो आत जायचा.

तिनेच आम्हांला एक खूण शिकवली होती. घोडेगावच्या बाजारात दोन दलाल उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात आणि बैलाचा सौदा ठरवतात, भोवतीच्या माणसांना काही कळत नाही. सामना सुरू व्हायच्या आधी पुष्पावती आपला पदर पसरायची, आम्ही त्याखाली हात घालायचो. एक बोट दाबलं तर चेंडू डावीकडून, दोन दाबली तर उजवीकडून. आणि पूर्ण मूठ दाबली की सौदा पक्का, ठरलं. "मूठ दाबल्यावर तोंड उघडायचं नाही," ती म्हणायची. "दलालाची तेवढीच अब्रू असते."

शेहेचाळीस सालच्या दिवाळीची सुट्टी संपवून ती परत आली ती वाळलेली. गालाची हाडं वर आली होती. आम्ही विचारलं तर म्हणाली, "घरी काम होतं." दिवाळीनंतर हंगामातले पहिले सामने सुरू होत. आधी नगरलाच, चार संघांचे. त्यांतले पहिले दोन संघ डिसेंबरात पुण्याला खेळायला जायचे. आमचं लहान कॉलेज त्याआधी पुण्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं. कप्तान बनू रोज पहाटे आम्हांला उठवून मैदानात काढायची.

अशाच एका सकाळी धुण्याच्या दगडावर रोशनबीला एक हातरुमाल सापडला. घडी घालून दुसऱ्या कपड्यांच्या आत दडवलेला. तिने तो उलगडला, पुन्हा घडी केली, आणि पुष्पावतीला विहिरीमागे बोलावून घेतलं.

"ह्ये तुजं?"

"हो. हिरडी सुजलीय माझी."

"हिरडीचं रगत असं फेसाळ असतं व्हय? माज्याशी खोटं बोलू नगं, बेटा. कधीपासनं?"

पुष्पावतीने रुमाल मुठीत दडवला. मग म्हणाली, "दिवाळीत एकदा. मग काल."

"सांजचा ताप येतो?"

"थोडा."

"मोठ्या बाईंना सांगाया पायजे."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. पुष्पावतीने रोशनबीचं मनगट धरलं. वसतिगृहात ती नीट पुस्तकी बोलायची, पण त्या वेळी घोडेगावचं बोलणं तिच्या तोंडी आलं. "मावशी, नगा सांगू. मला घरी धाडतील. घरी गेले की परत न्हाई यायची मी. आत्या मला गोठ्यामागच्या खोलीत टाकील, एकटीला. पुण्याचे सामने तेवढे होऊ द्या. मग मी सोता सांगते बाईंना. देवाशपथ सांगते."

दुसरं काही ती बोलली असती तर रोशनबीने कदाचित ऐकलं नसतं. पण "एकटीला" म्हणाली. तिने पदराखाली रोशनबीचा हात ओढून घेतला आणि पूर्ण मूठ दाबली. रोशनबीने हात सोडवून घेतला नाही.

त्या दिवसापासून रोशनबीने तिचं सगळं वेगळं केलं, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने केलं. तिचा पेला, ताटली वेगळी. तिचे कपडे राखेच्या पाण्यात उकळून, सगळ्यांच्या शेवटी. तिचा बिछाना खिडकीपाशी कोपऱ्यात, "हिला उकडतं" म्हणून. रोज एक अंडं कुठून तरी आणून तिला द्यायची. आम्ही चिडवायचो, "मावशी, आम्ही काय सावत्र?" ती म्हणायची, "तुमी टोपल्यात चेंडू टाका, तुमालाबी दीन."

पण रक्त लपत नाही. ते मोरीत दिसायचं, धुण्याच्या दगडापाशी दिसायचं, एकदा तर विहिरीच्या काठावर लाल डाग पडला आणि भागू नावाच्या मुलीने विचारलंही, "हे काय?" त्याच संध्याकाळी रोशनबी शहरात जाऊन आली. परत आली ती कमरेला चंची खोचून. खणाची, दोन कप्प्यांची, नवीकोरी. पान, कात, चुना, सुपारी. आयुष्यात पानाला न शिवलेली ही बाई दुसऱ्या दिवसापासून दिवसभर पान चघळायला लागली. मुद्दाम त्या दगडापाशी थुंकायची, विहिरीमागे थुंकायची. तिचे स्वच्छ पांढरे दात आठवड्याभरात विटकरी झाले. आम्हांला वाटलं, म्हातारपणी चळली.

बनू म्हणाली, "काय मावशी, लग्नबिग्न ठरलं की काय?"

"ठरलंय. तुलाच करवली करनार हाय. चल, चेंडू उचल."

मोठ्या बाईंना हे खपणं शक्य नव्हतं. त्या कडक होत्या, दुष्ट नव्हत्या. प्रत्येक मुलीचं अक्षर त्यांना ओळखू यायचं, आजारी मुलीच्या उशाशी त्या स्वतः बसायच्या. पण पान, तंबाखू, मिशरी यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. शिक्षिकेचं तोंड स्वच्छ हवं, मुलं तिच्या तोंडाकडे बघून शिकतात, असं त्या पहिल्याच दिवशी सांगत. माझ्या आधीच्या वर्गातल्या एका मुलीला मिशरी लावताना पाहिलं आणि आठवड्यात तिचं नाव कॉलेजातून काढलं होतं. रोशनबीला त्यांनी ऑफिसात बोलावलं.

"या वयात हे काय नवीन, रोशनबी?"

"दाढ दुखती बाईसाहेब. पानानं बरं वाटतं."

"दाढ दुखते तर डॉक्टरकडे जा. मुलींसमोर खायचं नाही, आवारात थुंकायचं नाही. पुन्हा दिसलं तर मला कडक व्हावं लागेल."

"जी," म्हणून ती बाहेर आली आणि विहिरीमागे जाऊन थुंकली. तिची नोकरी एवढीच तिची मिळकत होती. ती तिने पणाला लावली होती हे आम्हांला कुणालाच कळलं नाही.

नगरचे दोन्ही सामने आम्ही जिंकलो. पहिला सहज. दुसरा एका गुणाने, आणि तो शेवटचा गुण पुष्पावतीचा. ती पळत नव्हती. बास्केटच्या खाली उभी राहायची, चेंडू येईपर्यंत हात गुडघ्यांवर ठेवून. आम्हांला तो तिचा ऐटीचा भाग वाटे. शिट्टी वाजली की बाकी सगळ्या बनूला मिठी मारायला धावायच्या, आणि पुष्पावती एकटी मैदानाबाहेर रोशनबीकडे चालत यायची. रोशनबी तिच्या तोंडावर पदर धरायची. घाम पुसतेय असं दिसायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुण्याला निघालो. मोठ्या बाई, रोशनबी आणि आम्ही सात जणी. दौंडला गाडी बदलायची होती. फलाटावर दीड तास बसलो. बनूने भजी आणली, सगळ्यांनी खाल्ली. पुष्पावती रोशनबीला टेकून झोपली होती. मोठ्या बाई तिच्याकडे बघत होत्या.

"हिची प्रकृती बरी दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "काय होतंय हिला?"

रोशनबीच्या तोंडात पान होतं. तिने ते एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "जागरण झालंया, बाईसाहेब. आनंदानं झोप न्हाई पोरीला."

पुढे कित्येक वर्षं रोशनबी मला हा प्रसंग सांगायची. पुण्याच्या प्रसंगापेक्षा हाच जास्त. "त्यांनी सोताहून इचारलं व्हतं," ती म्हणायची. "मला नुसतं व्हय म्हनायचं व्हतं."

पुण्याचा पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. आम्हांला कपडे बदलायला शाळेतला एक वर्ग दिला होता. सामन्याला पाव तास उरलेला. बाकीच्या मैदानावर गेल्या होत्या. वर्गात पुष्पावती, रोशनबी, आणि दाराशी मी, पट्टीची गाठ सोडवत बसलेली. पुष्पावतीला खोकला आला. ती भिंतीकडे तोंड करून वाकली. रोशनबीने धावत जाऊन तिला धरलं. मला फक्त पाठी दिसत होत्या.

मग व्हरांड्यात मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज आला.

पुष्पावतीचे ओठ, हनुवटी, दात सगळं लाल झालं होतं. पुसायला वेळ नव्हता. रोशनबीने चंचीतून लावलेलं पान काढलं आणि तिच्या तोंडात कोंबलं. तीन आठवडे तिने ज्या युक्तीवर दिवस काढले होते, तीच त्या क्षणी तिच्या हाताला सुचली.

मोठ्या बाई दारात आल्या. त्यांनी पुष्पावतीकडे पाहिलं. पदरावर लाल, हनुवटीवर लाल, गालात पान.

"काय आहे तोंडात?"

पुष्पावतीने गालावर हात धरला.

"थुंक."

ती थुंकली. पान आणि बाकीचं सगळं एकत्र खाली पडलं. त्या लाल रंगात वेगळं काही ओळखू येण्यासारखं नव्हतं.

"तू," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुझ्याकडून? अंतिम सामन्याच्या वेळी, परक्या शाळेत, भिंतीकडे तोंड लपवून? आणि रोशनबी, तू हे देतेस पोरींना?"

"म्या दिलं," रोशनबी म्हणाली. "तिचा गुन्हा न्हाई, बाईसाहेब. म्याच..."

एवढ्यावर ती थांबली. पुढे काय म्हणायला निघाली होती ते तिनेच मला सांगितलं. खरं सांगणार होती. पण पुष्पावतीने पदराखाली तिचा हात शोधला आणि मूठ दाबली. घट्ट, नखं रुतेपर्यंत. रोशनबीने तोंड मिटलं.

"मीच मागितलं, बाई," पुष्पावती म्हणाली. "माझी चूक झाली."

मोठ्या बाईंनी मला त्या जागी उभं केलं. पाच वेळा माझ्या हातात चेंडू आला, पाचही वेळा बाहेर गेला. आम्ही सहा गुणांनी हरलो. पुष्पावती मैदानाबाहेर रोशनबीशेजारी बसून होती, कमरेची निळी पट्टी काढून ती मांडीवर गुंडाळत. सामना संपल्यावर बनू तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "पान खायला आणखी एक तास थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" पुष्पावतीने तिला पट्टी दिली. कुणी तिच्याशी आणखी बोललं नाही. मीही नाही.

नगरला आल्यावर तिसऱ्या दिवशी तिचं नाव काढलं. मोठ्या बाईंनी तिच्या वडिलांना चार ओळींचं पत्र लिहिलं. शिस्तभंग, वसतिगृहात पानतंबाखूचं सेवन. घोडेगावकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत तिला बसवायला रोशनबी आणि मी गेलो. रोशनबीचं बाहेरगावी जाणं बंद झालं होतं, नोकरी कशीबशी राहिली होती.

मोटार सुटायच्या आधी रोशनबी खिडकीशी जाऊन हळू म्हणाली, "घरी सांग, बेटा. वडलाला सांग. दाक्तरला दावा म्हनावं."

पुष्पावतीने मान हलवली.

"सांगशील न्हवं?"

"सांगते, मावशी."

तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी घरी कुणी ऐकलं असतं की नाही कोण जाणे. मास्तरीण व्हायला गेलेली पोरगी तोंड रंगवून परत आली एवढंच गावाला कळलं होतं. त्या काळी लाल तोंडाच्या बाईला कुठली समजत ते सांगायला नको. आक्काबाईने तिला कामाला जुंपलं. बाजाराच्या दिवशी जनावरांना कडब्याच्या पेंढ्या टाकायच्या, शेणकूर करायचं, पाणी ओढायचं. खोकली की आक्काबाई म्हणायची, "कडब्याची धूळ हाय. पान खाताना न्हाई ठसका लागला?"

हे आमच्या कानावर आलं ते शमशेरकडून. शमशेर रोशनबीचा धाकटा दीर. घोडेगावच्या बाजारातून बैल आणून विकायचा. जानेवारीत एकदा तो वसतिगृहाच्या फाटकाशी आला आणि सहज बोलून गेला, "भाबी, तुमची ती मास्तरीण बाजारात दिसली. त्या रंगनाथ दलालाची पोरगी. वळखू येईना. निस्ती काठी झालीय, अन् खोकतीय लई."

रोशनबीने हातातली घागर खाली ठेवली. चंची कमरेची काढली आणि शमशेरच्या हातात दिली. "टाकून दे कुटं तरी," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी रजा न मागता घोडेगावला गेली.

पुष्पावती तिला गोठ्यात सापडली. पेंढ्यांवर पडलेली. अंगात ताप, शेजारी आक्काबाईचा दोन वर्षांचा नातू तिच्या हातावर डोकं ठेवून झोपलेला. कुणाला काही माहीत नव्हतं, म्हणून कुणी त्याला दूर ठेवलं नव्हतं. रोशनबीने आधी ते मूल उचलून आक्काबाईकडे दिलं आणि काय आहे ते सांगितलं.

आक्काबाई किंचाळली. रंगनाथ बाहेरून आले. त्यांनी गोठ्यामागची खोली झाडून घेतली, तिथे बाज टाकली, आणि लेकीला उचलून तिथे ठेवलं. ज्या खोलीला ती भीत होती त्याच खोलीत.

"एकटीला नगा ठेवू," रोशनबी म्हणाली. "मी ऱ्हाते."

रात्रभर ती तिच्याजवळ बसली. सकाळी म्हणाली, "मी नगरला जाती. मोठ्या बाईंना सगळं सांगती."

पुष्पावतीने गोधडीखालून हात काढला आणि रोशनबीचा हात धरला. बोटांत जोर नव्हता. तरी तिने मूठ दाबायचा प्रयत्न केला.

"न्हाई," रोशनबी म्हणाली. "आता सौदा न्हाई, बेटा." आणि तिने हात काढून घेतला.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी शेजारच्या खोलीत सरावाच्या शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होते. मग त्यांचं बोलणं ऐकू आलं, अगदी हळू.

"मिरजेकडे क्षयाच्या दवाखान्यात आपल्या मुलींसाठी एक खाट राखून ठेवलेली असते, रोशनबी. चार वर्षांत दोघी गेल्या तिकडे. त्यांतली एक बरी होऊन राहात्याच्या शाळेत शिकवतेय. नोव्हेंबरात मला सांगितलं असतंस..."

"मला ठावं न्हवतं, बाईसाहेब."

"तू मला विचारलंही नाहीस."

"शरिफाच्या टायमाला खाट न्हवती कुटं."

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि मीही त्या दिवशी थुंक म्हणाले. ती थुंकली, आणि मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही."

त्याच दिवशी डॉक्टरांना घेऊन त्या स्वतः घोडेगावला गेल्या. बरोबर रोशनबी आणि मी. डॉक्टरांनी छाती तपासली, बाहेर आले, आणि रंगनाथांना म्हणाले की आता हलवता येणार नाही. मोठ्या बाई बाजेपाशी बसल्या. त्यांनी पुष्पावतीची माफी मागितली. पुष्पावतीने डोळे मिटून घेतले. परत निघताना मोठ्या बाईंनी रोशनबीला सांगितलं, "तू इथेच राहा. कॉलेजचं मी बघते."

पुष्पावती त्यानंतर नऊ दिवस होती. रोशनबीने तिचं सगळं केलं. तोंड पुसलं, केस विंचरले, उशाशी बसून मशकीच्या दिवसांतल्या गोष्टी सांगितल्या. पाणी पाजलं की ती प्यायची, काही विचारलं की हो, नाही म्हणायची. पण त्या सकाळनंतर तिने रोशनबीला हात दिला नाही. दोन्ही हात गोधडीच्या आत ठेवायची. रोशनबी हात धरायला गेली की ते आणखी आत जायचे.

"म्या सांगितलं म्हनून न्हवं," रोशनबी मला म्हणाली. "म्या हात काडून घेतला म्हनून."

माघात ती गेली.

मी त्याच कॉलेजात शिक्षिका म्हणून रुजू झाले. मोठ्या बाई होत्या, रोशनबी होती, मैदान आणि ती मधली रेघ होती. पुष्पावतीच्या नंतर मोठ्या बाईंनी एक नियम केला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर डॉक्टर येऊन सगळ्या मुलींना तपासत. रोशनबीने स्वतःचा आणखी एक नियम केला होता, तो कुठे लिहिलेला नव्हता.

एकोणपन्नास सालच्या हंगामाची पहिली सकाळ मला आठवते. संघातल्या सात जणी मैदानाच्या कडेला उभ्या. रोशनबी इनॅमलचं पांढरं तसराळं घेऊन आली. दात घासून घासून तिने पुन्हा जवळजवळ पांढरे केले होते, कडेला थोडा विटकरी रंग राहिलेला.

"खोकून थुंका ह्याच्यात. येक येक जन."

"शी, मावशी!" मलिका नावाची नवी मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी बघितलंय की परवा."

"दाक्तरनं बघितलं. म्या न्हाई बघितलं."

"आणि नाही थुंकलं तर?"

"तर चेंडू न्हाई." चेंडू तिच्या काखेत होता, नव्याने शिवलेला.

जुन्या मुलींनी मलिकाला कोपराने ढोसलं. त्यांना कारण माहीत नव्हतं, पण ऐकावं लागतं एवढं माहीत होतं. एकेक जण पुढे आली, तोंड वेडंवाकडं करून खोकली, थुंकली. शेवटी मलिकाही आली. प्रत्येकीनंतर रोशनबी तसराळं उन्हात धरायची, इकडून तिकडून कलवून बघायची, राखेने घासून धुवायची, आणि मग पुढचीला बोलवायची. बराच वेळ गेला. बनूच्या जागी आलेली नवी कप्तान पाय आपटत उभी होती.

मलिकाचं तसराळं तिने दोनदा उन्हात धरलं. मग काखेतला चेंडू काढून तिच्या हातात दिला.

"पांढरं हाय," ती म्हणाली. "जा, खेळा."